चढबाई आणि उभी रेषा

शाळेत त्यांना चढबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण जिन्याच्या कठड्यावर, बाकांच्या पाठीमागे, पाण्याच्या टाकीवर ते नाव कोरलेलं होतं. शिपायाने त्यावर रंग मारला की महिन्याभरात ते पुन्हा उगवायचं. बाईंना सगळं ठाऊक होतं आणि त्यांना त्याचा रागही नव्हता. गणिताच्या बाईंना मुली काय काय म्हणतात ते त्यांचं स्वतः मुलगी असताना म्हणून झालं होतं. त्या मानाने चढबाई हे नाव म्हणजे मानाचंच पान.

नाव पडलं ते त्यांच्या शिकवण्यावरून. शेवटच्या वर्गाला रेषेचा चढ हा धडा असे आणि तो शिकवायचा दिवस आला की बाई खडूला हातच लावत नसत. वर्गाला घेऊन थेट मागच्या फाटकापाशी जात. शाळा उतारावर होती. मागच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचा रस्ता अंगावर यायचा. एका मुलीला त्या रस्त्याने चालायला लावायचं आणि बाकीच्यांना विचारायचं, "ही आडवी किती गेली? आणि वर किती आली?" वर आलेलं भागिले आडवं गेलेलं, तो चढ. हेच सूत्र. मग तीच मुलगी टाकीच्या पलीकडच्या उताराने पुढे जायची. आता तिच्या पुढे जाण्यात उतार होता, म्हणून उत्तर उणे. मग सगळा तांडा व्हरांड्यात. व्हरांडा सपाट, कितीही चाला, वर काही जात नाही, म्हणून चढ शून्य.

शेवटी बाई एखादीला भिंतीपाशी उभी करत.

"हं, चाल आता वर."

"बाई, कशी चालू? पडेन की!"

"मग या भिंतीचा चढ किती?"

"खूप!"

"किती खूप? हजार? लाख?"

मुली एकमेकींकडे बघायच्या. मग बाई सांगायच्या, "आडवं गेलोच नाही, म्हणजे शून्याने भागायचं. आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून उभ्या रेषेचा चढ सांगता येत नाही. एवढंच लिहायचं. कुणी शून्य लिहिलं तर याद राखा. शून्य म्हणजे व्हरांडा. भिंतीला व्हरांडा समजून चालायला जाल तर नाकाचा चेंदामेंदा होईल."

त्यानंतर वर्गात जाऊन आलेख. दोन बिंदू घ्यायचे, य मधून य वजा करायचा, क्ष मधून क्ष, आणि दोन्ही वजाबाक्या एकाच क्रमाने. "क्रम मोडलात की चढाचा उतार झालाच म्हणून समजा." एकदा एका मुलीचं उत्तर भलतंच उणे आलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "छान. आता घसरत घरी जा." त्या मुलीची आजही तीच ओळख आहे म्हणतात, घसरगुंडी.

घरी बाईंचे यजमान एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. दुकानाच्या वरच्याच दोन खोल्यांत बिऱ्हाड. यंत्राची घरघर दिवसभर जमिनीतून पायांना लागायची. यजमान मितभाषी माणूस. बाई बोलत आणि ते ऐकत, असा दोघांचा संसार. मूल एकच, मुलगी. तीही बाईंच्याच शाळेत. शाळेत आईला 'बाई' म्हणायचं आणि घरी 'आई', हा नियम पोरीने पहिलीपासून पाळला. एकदाच वर्गात चुकून 'आई' म्हणाली, तर बाईंनी तिला तासभर उभी केली होती.

मुलगी हुशार होती, आणि तिथेच बाईंची पंचाईत. लोक काय म्हणतील, या एका वाक्याच्या धाकाखाली त्या नाकासमोर चालत आल्या होत्या. लेकीचा पेपर तपासताना त्यांची लेखणी जास्तच लाल व्हायची. एका चाचणीत तिने आलेखाच्या अक्षांना बाण काढले नाहीत म्हणून त्यांनी गुण कापला. बाण वर्गातल्या निम्म्या मुलींनी काढले नव्हते, पण त्यांचे गुण कापले नव्हते. मुलीने घरी येऊन दोन पेपर शेजारी ठेवले, आपला आणि मैत्रिणीचा.

"हिचा का नाही कापला?"

"तू माझी मुलगी आहेस."

"म्हणजे माझी चूक ती."

यजमानांनी भिंगावरून मान वर केली, बाईंकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं बाईंना पुढे कितीदा तरी वाटलं.

मुलीला इमारतींचे आराखडे काढायला शिकायचं होतं. मोठ्या शहरात त्याचं एक कॉलेज होतं, जागा मोजक्या, आणि सगळी भिस्त शेवटच्या वर्षाच्या मोठ्या परीक्षेतल्या गणितावर. वर्षभर ती दिव्याखाली आलेखाचे कागद पसरून बसे. घरी मात्र बाई तिला हवं ते शिकवत. दारं लावलेली असली की लोक काही म्हणत नाहीत.

गणिताचा पेपर झाला त्या दिवशी पोरगी जिन्याच्या दोन दोन पायऱ्या गाळत वर आली.

"आई, तुझी भिंत आली होती पेपरात! दोन बिंदू दिले होते, दोन्हींचा क्ष तीन. एकाचा य दोन, दुसऱ्याचा सात. चढ काढा!"

"मग काय लिहिलंस?"

"छेदात शून्य येतं, म्हणून सांगता येत नाही. रेषा य-अक्षाला समांतर. बाकीच्या बऱ्याच जणी गडबडल्या, पण आपल्या वर्गातल्या जवळजवळ कुणीच शून्य लिहिलं नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. कौतुक करायची त्यांना सवयच नव्हती. पण त्या दिवशी ओट्यापाशी उभं राहून त्या एकट्याच हसत होत्या आणि चहा उतू गेला तरी त्यांना कळलं नाही.

परीक्षेचे पेपर तपासायचं केंद्र दुसऱ्या एका शाळेत होतं. तिथले प्रमुख सर म्हणजे बाईंच्या प्रशिक्षणाच्या वर्गातले. तेव्हा सदानकदा खिशात पट्टी खोचून फिरायचे, म्हणून सगळे त्यांना पट्टीच म्हणत. पुढे पट्टी वर चढत गेली. त्या वर्षीचा गणिताचा पेपर काढणाऱ्यांतही ते होते आणि पाठ्यपुस्तकाच्या मंडळावर त्यांची वर्णी लागणार अशी बोलवा होती. त्यांचा फोन आला तेव्हा बाईंनी आधीच सांगून टाकलं, "यंदा माझी मुलगी परीक्षेला आहे. मी येत नाही."

"अगं, तिच्या शाळेचे गठ्ठे दुसऱ्या गावी जातात. तुझा काय संबंध येतोय? तुझ्याइतकं बारकाईने तपासणारं माणूस मी कुठून आणू? ये मुकाट्याने. मी आहे ना."

बाई गेल्या.

लांबलचक दालन, टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर दोऱ्याने बांधलेले गठ्ठे. बाईंच्या शेजारी त्यांच्याच शाळेतल्या धाकट्या बाई होत्या. खालच्या वर्गांना गणित शिकवायच्या. बाईंनीच त्यांना खडू कसा धरायचा इथपासून तयार केलं होतं. आदर्श उत्तरांचे कागद वाटले गेले. बाई वरून खाली वाचत आल्या आणि एका ओळीवर थांबल्या. दोन बिंदू, दोन्हींचा क्ष तीन. उत्तर: चढ शून्य.

बाईंना आधी हसूच आलं. त्यांनी धाकट्या बाईंना कोपराने ढोसलं. "बघ गं, छापणाऱ्याने भिंत आडवी केली."

धाकट्या बाईंनी वाचलं. त्याही हसल्या. "अय्या, खरंच की."

झालं काय होतं, ते बाईंच्या लगेच ध्यानात आलं. मूळ प्रश्नात दोन्ही बिंदूंचा य सारखा असणार, म्हणजे सपाट रेषा आणि उत्तर शून्य. पेपर पक्का करताना कुणीतरी क्ष आणि य यांची अदलाबदल केली आणि उत्तर बदलायचं राहून गेलं. माणसाच्या हातून होते अशी चूक. बाई कागद घेऊन प्रमुख सरांच्या टेबलाकडे गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "इथे जरा बघ."

त्यांनी बघितलं. त्यांचा चेहरा असा उतरला की बाईंना त्यांची दयाच आली.

"बस तू जागेवर. मी विचारतो वर."

दुपारी चहाच्या वेळी ते बाईंना व्हरांड्यात घेऊन गेले.

"उत्तर आहे तसंच राहणार."

"म्हणजे? पण ते चूक आहे."

"मला काय शिकवतेस? चूक आहे हे मला कळतं. पण सगळीकडे तपासणी सुरू झाली आहे. आता बदला म्हटलं की चौकशी. पेपर कोणी काढला, कोणी तपासला, सगळं उकरून काढतील. दोन गुणांचा प्रश्न. दोन गुणांनी कुणाचं काय वाकडं होणार आहे?"

"ज्याला येतं त्याचेच दोन गुण जाणार. ज्याला येत नाही त्याला मिळणार. तुला हे पटतं?"

"पटायचा प्रश्नच नाही. निस्तरायचा प्रश्न आहे. तू गप्प बस, एवढंच मागतोय."

बाई गप्प बसल्या नाहीत. चहा संपवून सगळे जागेवर आले तसं त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी प्रश्न वाचला, उत्तर वाचलं आणि म्हणाल्या, "हे उत्तर चुकीचं आहे, ते प्रमुख सरांनाही मान्य आहे. आपण सगळ्यांनी सह्या करून वर कळवू. तोवर हा प्रश्न कुणीही तपासू नये."

दालनात कुजबुज झाली. काही माना डोलल्या. आणखी थोडा वेळ मिळता तर कदाचित कुणीतरी उठलंही असतं. पण प्रमुख सर उठले. मघापर्यंत 'अगं तुगं' करणारा माणूस हात मागे बांधून म्हणाला, "बाई, आपली मुलगी यंदा याच परीक्षेला बसली आहे ना?"

हा 'आपली' बाईंनी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

"हो. ते मी आधीच सांगितलं होतं. तुम्हीच—"

"मुलगी परीक्षेला असताना आपण तपासायला आलात, हेच मुळात नियमात बसत नाही. वर तिच्या पेपरातल्या प्रश्नासाठी इथे सभा भरवताय. मी काही बोलत नाही. इथे सगळे जाणते आहेत."

माना पुन्हा गठ्ठ्यांत गेल्या. बाईंनी शेजारी पाहिलं. धाकट्या बाईंना सगळं ठाऊक होतं. फोन आला होता हेही बाईंनी त्यांना सांगितलं होतं. त्या एका सुटलेल्या दोऱ्याला पुन्हा पुन्हा गाठ मारत राहिल्या.

बाईंनी लेखणीला टोपण घातलं, पिशवी उचलली आणि त्या बाहेर पडल्या. कुणी थांबवलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मुलगी जमिनीवर बसून ऐकत होती. खालून यंत्राची घरघर येत होती.

"म्हणजे माझं उत्तर चूक धरणार."

"हो."

"आणि तू उठून आलीस."

"मग काय करणार होते? चुकीवर बरोबरची खूण करू?"

"तुझ्यासमोर गठ्ठा होता आई. त्यातल्या ज्यांनी बरोबर लिहिलं त्यांना तरी तू गुण देऊ शकली असतीस. चोरून, पण दिले असतेस. आता तो गठ्ठा दुसरं कुणीतरी शून्य बघून तपासेल. तू उठलीस त्याने कुणाचं भलं झालं?"

मुलीचं म्हणणं चूक आहे हे बाईंना कळत होतं आणि ते खोटं नाही हेही. त्यांनी ताटं घेतली. कुणी धड जेवलं नाही.

निकाल लागला. मोठ्या शहरातल्या कॉलेजची यादी लागली आणि मुलीचं नाव थोडक्यात हुकलं, अगदी थोडक्यात. दोन गुण असते तर आत होती. तिच्याखालोखाल जिचं नाव हुकलं ती पण बाईंचीच विद्यार्थिनी. बाईंनी वर अर्ज केला. उत्तर आलं ते चार ओळींचं. अर्जदार या परीक्षार्थीची आई असल्याने तक्रार निःपक्षपाती मानता येत नाही. घसरगुंडीच्या धाकट्या बहिणीने अंदाजपंचे शून्य लिहिलं होतं. तिला पूर्ण गुण मिळाले. तिचे वडील पेढीवरून मुद्दाम चष्म्याच्या दुकानात आले आणि यजमानांना म्हणाले, "बाईंचं शिकवणं म्हणजे काय विचारता!" यजमानांनी भिंग पुसत नुसती मान हलवली.

शाळेतही वारं फिरलं. मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. एवढा पाहुणचार झाला तेव्हाच बाई काय ते समजल्या. "तुमच्याबद्दल आदरच आहे हो. पण पालक विचारतात. तपासणीच्या वेळी काहीतरी झालं म्हणे. थोडे दिवस तुम्ही लहान मुलींना घ्या. तुमचाही ताण कमी." शेवटचा वर्ग धाकट्या बाईंकडे गेला. त्या रडवेल्या होऊन बाईंकडे आल्या. "बाई, माझी नोकरी अजून कायम नव्हती हो. मी काय बोलणार होते?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "तुझ्या जागी मी असते तर बोलले असते, एवढंच." हे बोलून त्यांना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

थोडे दिवस मग निवृत्तीपर्यंत लांबले. बाई पाढे, अपूर्णांक, दशांश चिन्ह शिकवत राहिल्या. मागच्या फाटकाकडे पुन्हा वर्ग गेला नाही. धाकट्या बाई सूत्र फळ्यावर लिहून देत, मुली पाठ करत, निकाल चांगला लागे. कठड्यावरचं नाव मात्र राहिलं होतं. एक दिवस पाचवीतली एक चुणचुणीत पोर बाईंना म्हणाली, "बाई, तुम्हाला चढबाई का म्हणतात, मला माहितीये. तुम्हाला जिना चढताना धाप लागते म्हणून!" सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. दुसरं काय करणार?

पट्टीची वर्णी लागलीच. नव्या पुस्तकात उभ्या रेषेच्या चढाचा परिच्छेद अगदी बिनचूक होता. बाईंनी तो शाळेच्या ग्रंथालयात उभ्या उभ्या वाचला, एकही खोट सापडली नाही, आणि पुस्तक जागेवर ठेवलं.

मुलीने गावातल्याच कॉलेजातून कसलीशी पदवी घेतली आणि स्वयंपाकघरं सजवून देणाऱ्या एका दुकानात लागली. ओटा कुठे, कपाट कुठे, याचे आराखडे काढायची. दुसऱ्याच्या घरातल्या दहा बाय आठच्या खोल्या. काम चोख. पुढे लग्न करून दुसऱ्या गावी गेली. भांडण असं कधी झालं नाही. फोन यायचा, तब्येत विचारली जायची, हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या. एकदाच, बाईंचा गुडघा दुखावला होता तेव्हा चार दिवस राहायला आली होती, तेव्हा पाय चेपता चेपता म्हणाली, "तू कायम तुझा खरेपणा सांभाळलास, आई. मला सांभाळायला कुणी नव्हतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंनी उलट उत्तर दिलं असतं.

नात मोठी झाली आणि तीही शेवटच्या वर्गात गेली. बाई निवृत्त झालेल्या, यजमान काम करत ते दुकान दुसऱ्याच्या हाती गेलेलं. बाई लेकीकडे गेल्या. पिशवीत आलेखाच्या कागदांची एक नवी वही घेऊन गेल्या होत्या. संध्याकाळी गणिताचे एक शिकवणीवाले सर आले, चुणचुणीत तरुण. बाहेरच्या खोलीत नात आणि ते टेबलाशी बसले. बाई आत भाजी निवडत होत्या. दाराला पडदा होता, पण शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"वर भागिले आडवं. पाठ केलंस का? पुढे. का, कसं, हे विचारत बसायला वेळ नाही."

"पण सर, चढ म्हणजे नक्की काय?"

"परीक्षेत ते विचारत नाहीत."

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. सर गेल्यावर त्या लेकीला म्हणाल्या, "मी आहे ना इथे. पंधरा दिवस राहते. मी शिकवते तिला. पोर विचारतेय गं, तिला समजून घ्यायचंय."

लेक गॅस पुसत होती. तिने फडकं पिळलं, वाळत घातलं आणि आईकडे न बघता म्हणाली, "नको, आई. तिला गुण हवेत."

निवडलेली भाजी बाईंनी धुऊन ठेवली. रात्री नात शेजारी येऊन झोपली आणि कुजबुजली, "आजी, तू गणित शिकवायचीस ना?" बाई म्हणाल्या, "हो. लहान मुलींना. पाढे."

दुसऱ्या दिवशी त्या सकाळच्या गाडीने परतल्या. यजमानांनी दार उघडलं.

"अगं, पंधरा दिवस राहणार होतीस ना?"

"करमेना," बाई म्हणाल्या आणि चपला काढून आत गेल्या.